लाँग कोट पिल्लू ठेवायचं की द्यायचं? घरी जर्मन शेफर्डचं वेत काढणाऱ्यांसाठी

वेत चार आठवड्यांचं झालं की एखाद्या सकाळी पिल्लांना खायला घालताना लक्षात येतं, नऊपैकी दोघांच्या कानामागे मऊ झुपके आलेत, बोटांच्या फटीतून केस बाहेर आलेत, आणि बाकीच्यांपेक्षा हे दोघं उगाचच गुबगुबीत दिसतायत. फोटो स्टेटसला टाकला की तासाभरात फोन सुरू होतात, ते डबल कोटवालं माझ्यासाठी ठेवा, टोकन आत्ता पाठवतो. आणि त्याच दिवशी एखादा जुना जाणकार फोन करून सांगतो की लाँग कोट, म्हणजे लांब केसाचं पिल्लू, आलंय तर लवकर देऊन टाक, ठेवू नकोस, लाइन म्हणजे वंश खराब होतो. मी बारा-तेरा वर्षं कराडजवळ घरी जर्मन शेफर्ड पाळतो, दोन माद्या, दोन वर्षांत एखादं वेत, एवढाच पसारा, पण हे दोन्ही फोन मला प्रत्येक वेळी आलेत आणि सुरुवातीला दोन्हींचं ऐकून मी चुकलोय. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी तो डबल कोट शब्द. आपल्याकडे बाजारात लांब केसाच्या पिल्लाला डबल कोट आणि आखूड केसाच्याला सिंगल कोट किंवा प्लेन कोट म्हणतात, ते चूक आहे. जर्मन शेफर्डच्या साध्या, आखूड केसाच्या कुत्र्यालाही दोन थर असतातच, वर राठ केस आणि आत दाट मऊ लव. म्हणजे सगळेच डबल कोट. फरक फक्त वरच्या केसाच्या लांबीचा आहे. गिऱ्हाइकाला हे पहिल्याच फोनवर सांगा, कारण डबल कोट म्हणजे काहीतरी जास्तीचं, भारीतलं, अशी समजूत करून घेऊनच तो पैसे मोजायला तयार झालेला असतो.

आता हे पिल्लू आलं कुठून. केसाची लांबी ठरवणारं मुख्य जनुक एफजीएफ५, त्याचा आणि कुत्र्याच्या लांब केसांचा संबंध २००६ मध्ये दाखवला गेला. ह्या जनुकाचं काम म्हणजे केसाच्या मुळाला वाढ थांबव असं सांगणं, ते बिघडलेलं असेल तर केस जास्त दिवस वाढत राहतो आणि लांब होतो. पिल्लाला लांब केस यायला ही बिघडलेली प्रत आई आणि बाप दोघांकडून मिळावी लागते. म्हणजे वेतात एक जरी लाँग कोट पिल्लू दिसलं तरी समजायचं की दोघांच्याही रक्तात ते आहे. माझ्या पहिल्या अशा वेताच्या वेळी नरवाल्याने ठणकावून सांगितलं होतं की माझ्या नराचं आजवर एकही लाँग कोट पिल्लू निघालेलं नाही, हे तुमच्या मादीचंच, आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्याच्या नराला आजवर कॅरियर मादी, म्हणजे स्वतः आखूड केसाची पण बिघडलेली एक प्रत बाळगणारी, मिळाली नसेल म्हणून दिसलं नसेल, एवढंच. यात कोणाचा दोष काढायचा प्रश्नच नाही, पण भांडण होणार असेल तर हे माहीत असलेलं बरं.

हिशोब साधा आहे. आई-बाप दोघं आखूड केसाचे पण कॅरियर असतील तर सरासरी चारातलं एक पिल्लू लाँग कोट, दोन कॅरियर आणि एक पूर्ण क्लिअर, म्हणजे ज्यात बिघडलेली प्रत नाहीच. सरासरी म्हणतोय, एकाच वेतात नऊपैकी पाचही निघू शकतात आणि शून्यही. लाँग कोटला क्लिअर जोडीदार दिला तर सगळी पिल्लं आखूड केसाची, पण सगळी कॅरियर. लाँग कोटला कॅरियर दिला तर सरासरी निम्मी-निम्मी. दोन्ही लाँग कोट असतील तर सगळी लाँग कोट.

यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण ठेवायचं की द्यायचं हा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. दोन कॅरियरच्या वेतात जी आखूड केसाची भावंडं आहेत त्यातली तीनातली दोन कॅरियर असण्याची शक्यता आहे. म्हणजे लाइन साफ ठेवायची म्हणून लाँग कोट पिल्लू देऊन टाकलं आणि त्याच्याजागी आखूड केसाची बहीण ठेवली, तर बहुतेक वेळा तेच जनुक तुम्ही घरात ठेवलेलं असतं, फक्त ते आता दिसत नाही. तुम्हाला खरंच हे जनुक कमी करायचं असेल तर भावंडांची डीएनए टेस्ट करा, गालाच्या आतून स्वॅब घ्यायचा असतो, पिल्लं आईच्या दुधावरून सुटल्यावर आणि खाऊन काही वेळ झाल्यावर घ्या म्हणजे सॅम्पल मिसळणार नाही. लाँग कोट पिल्लाच्या टेस्टवर पैसे घालायची गरज नाही, ते समोर दिसतंयच.

नियम काय म्हणतात

लाँग कोट ठेवू नये हे आलं कुठून तर जुन्या जर्मन पद्धतीतून. १८९९ मध्ये माक्स फॉन स्टेफानित्स आणि सोबत्यांनी एसव्ही हा जर्मन शेफर्डचा क्लब काढला तेव्हा हा मेंढपाळाचा कुत्रा होता, पावसात चिखलात दिवसभर उभा राहणारा, आणि लांब केसाच्या कित्येक कुत्र्यांना आतली लव नसायची, मग केस पाठीवर भांग पाडल्यासारखे दोन्हीकडे पडायचे आणि पाणी थेट कातडीपर्यंत जायचं. म्हणून लांब केस दोषात धरला गेला आणि पुढे कित्येक वर्षं असे कुत्रे शो आणि ब्रीडिंग दोन्हीतून बाहेर राहिले. आपल्याकडच्या जाणकार मंडळींनी शिकलेलं ते हे, आणि त्यांच्या काळात ते बरोबरच होतं. माझे वडील तर जर्मन शेफर्डला शेवटपर्यंत अल्सेशियन या जुन्या नावानेच ओळखायचे, आणि लांब केसाचं पिल्लू दिसलं की मिक्स आहे म्हणून बाजूला काढायचे.

पण २०१० च्या एफसीआय (केनेल क्लबांची आंतरराष्ट्रीय संघटना) स्टँडर्डमध्ये दोन्ही प्रकार मान्य झाले, आखूड स्टॉक कोट आणि लाँग स्टॉक कोट, अट एकच की दोन्हीत आतली लव हवी. लाँग स्टॉक कोटचं वर्णनही दिलंय, कानाला आणि पायांना झुपके, मानेवर जवळजवळ आयाळ, मांड्यांच्या मागे चोळणा घातल्यासारखे केस, शेपूट झुपकेदार, पण डोकं, पायांची पुढची बाजू आणि पंजे मात्र आखूड केसाचेच. अमेरिकेत एकेसीच्या (अमेरिकन केनेल क्लबच्या) स्टँडर्डमध्ये खूप लांब केस अजून दोष आहे, पण त्यावरून कुत्रा बाद होत नाही. केनेल क्लब ऑफ इंडिया एफसीआयशी जोडलेला आहे, त्यामुळे तुमचं लाँग कोट पिल्लू मिक्स नाही आणि त्याला पेपर, म्हणजे वंशावळीची नोंद, नाकारायचं काही कारण नाही. लिटर रजिस्टर करताना सगळी पिल्लं रजिस्टर करा. लाँग कोट आहे म्हणून पेपर न करता गुपचूप देणं हा त्या पिल्लावर अन्याय आहेच, शिवाय पुढे ते कुठे मेट झालं तर कोणाला काही पत्ता लागत नाही.

आता निवड कशी करायची

माझी पद्धत अशी आहे की सातव्या आठवड्यापर्यंत मी केसाचा विचारच करत नाही. सगळ्या पिल्लांना वेगवेगळ्या रंगाच्या लोकरीचे धागे बांधतो आणि वहीत रोज दोन ओळी लिहितो, कोण आवाजाला दचकलं, दचकल्यावर किती वेळात सावरलं, कोण अनोळखी माणसाकडे आपणहून गेलं, स्टीलचं ताट खाली पडल्यावर कोण बघायला आलं आणि कोण आईमागे जाऊन बसलं. दचकणं वाईट नाही, न सावरणं वाईट. जर्मन शेफर्ड मोठा कुत्रा आहे, जबडा मोठा आहे, भित्रा निघाला तर घाबरून चावतो, म्हणून ठेवायचं पिल्लू निवडताना माझ्या लेखी स्वभाव पहिला आणि त्याच्या जवळपास दुसरं काहीच नाही.

मग बांधा. इथे लाँग कोट पिल्लू फसवतं, दोन्ही बाजूंनी. केसांमुळे ते हाडापेराने जाड दिसतं, छाती भरलेली दिसते, मागचे पाय कसे वळलेत ते झाकलं जातं. म्हणून सात-आठ आठवड्यांचं झाल्यावर एकदा सगळ्या पिल्लांना कोमट पाण्याने भिजवा, केस हाताने चापून बसवा आणि मग टेबलावर उभं करून बाजूने, मागून, पुढून बघा, फोटो काढा. भिजल्यावर मला हेवी बोन वाटलेलं पिल्लू वेतातलं सगळ्यात हलकं निघालेलं मी पाहिलंय. लगेच टॉवेलने आणि ड्रायरच्या मंद हवेने कोरडं करा. दातांची ठेवण बघा, नर असेल तर दोन्ही अंडकोष खाली उतरलेत का हाताने तपासा, आणि वजन डोळ्याने ठरवू नका, बरगड्या बोटांना लागतात का बघा, केसांखाली हडकुळं पिल्लूसुद्धा गोलमटोल दिसतं.

एवढं झाल्यावर वहीत पहिला नंबर कोणाचा येतो ते बघायचं. तो लाँग कोट असेल तर ठेवा, बिनदिक्कत ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या नंबरचं असेल आणि पहिला नंबर आखूड केसाचा असेल तर फक्त गोंडस दिसतंय म्हणून ते ठेवू नका. एवढंच माझं म्हणणं आहे, केस हा शेवटचा मुद्दा, दोघं अगदी बरोबरीचे असतील तेव्हाच विचारात घ्यायचा, आणि मग तुमच्याकडे केसाची निगा राखायला वेळ आहे का यावर ठरवायचं.

चांगली लाँग कोट मादी ठेवली म्हणजे पुढची सगळी पिढी लांब केसाची होणार ही भीती अनेकांना असते. होत नाही. तिला क्लिअर टेस्ट झालेला नर दिला तर पिल्लं सगळी आखूड केसाची. त्यातल्या निवडलेल्या मादीला परत क्लिअर नर दिला तर तिची सरासरी निम्मी पिल्लं क्लिअर, म्हणजे दोन पिढ्यांत जनुक बाहेर काढता येतं आणि तिचा स्वभाव, तिचा बांधा घरात राहतो. फक्त मेटिंग ठरवण्याआधी तुमच्या क्लबचा दोन्ही कोट एकमेकांत जोडण्याबद्दल काय नियम आहे तो विचारून घ्या, काही ठिकाणी हे दोन प्रकार वेगळे ठेवतात.

ठेवलेलं पिल्लू ब्रीडिंगचं झालं असं मात्र अजून समजू नका. आठव्या आठवड्यात खुबा दिसत नाही. हिप आणि एल्बोचे एक्स-रे व्हायचेत, जर्मन पद्धतीत वर्ष झाल्यावर, अमेरिकेच्या ओएफए या सांधे तपासणाऱ्या संस्थेचं अंतिम सर्टिफिकेट दोन वर्षांनंतर. डीजनरेटिव्ह मायलोपथीची (मागचे पाय हळूहळू लुळे करणारा मज्जारज्जूचा आजार) डीएनए टेस्ट आई-बापाची झालेली नसेल तर पिल्लाची करा. आणि लाँग कोटसाठी एक जास्तीची तपासणी, आतली लव आहे का. पिल्लाचे केस चार ते सहा महिन्यांत बदलायला लागतात, त्याआधी काही कळत नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात चांगल्या कुत्र्याचीही लव झडलेली असते, म्हणून ही तपासणी डिसेंबर-जानेवारीत करा. पाठीवरचे केस दोन्ही हातांनी बाजूला करून फुंकर मारा, कातडीलगत मऊ, फिकट, दाट थर दिसला पाहिजे. नुसते रेशमी लांब केस आणि खाली थेट कातडी दिसत असेल तर असा कुत्रा घरी आनंदाने सांभाळा पण ब्रीडिंगमध्ये घेऊ नका.

द्यायचं ठरलं तर

किंमत सगळ्या पिल्लांची एकच ठेवा. माझ्याकडे लाँग कोटला जास्त पैसे द्यायला तयार असलेले लोक येतात आणि मी घेत नाही, कारण एकदा ते पैसे घेतले की पुढचं मेटिंग तुम्ही केसासाठी ठरवायला लागता, आणि जो माणूस जास्त पैसे मोजून केस विकत घेतो त्याला पुढे केसांचाच वैताग येतो. आखूड केसाच्या भावंडांनाही मग कमी दर्जाची म्हणून भाव पाडून मागतात, तेही चूकच.

माझी मोठी चूक इथलीच. पहिल्या वेतातलं लाँग कोट पिल्लू मी कोकणात समुद्रालगतच्या एका फ्लॅटमध्ये दिलं. माणसं चांगली होती, मुलांना पिल्लू बघताक्षणी आवडलं, मी केसांबद्दल एक वाक्य बोललो आणि विषय सोडून दिला. दहाव्या महिन्यात त्यांनी त्याला परत आणून सोडलं तेव्हा कानामागे आणि मांड्यांमध्ये अशा जटा झाल्या होत्या की खालची कातडी ओली आणि लाल झालेली, बोटांच्या मध्ये गोचिडी, आणि तो तिथे हात लावू देत नव्हता. बरा व्हायला दोन महिने गेले. त्या घराला मी दोष देत नाही, सांगायचं काम माझं होतं. तो आमच्याकडेच राहिला.

तेव्हापासून मी पिल्लू बघायला येणाऱ्याला आधी आईला ब्रश करायला लावतो. पंधरा मिनिटं, माझ्या अंगणात, माझ्या ब्रशने. निघालेले केस पिशवीत भरून हातात देतो आणि सांगतो की हे एका वेळचं आहे, आठवड्यातून तीन-चारदा हे करायचंय, आणि वर्षातून दोनदा मोठी झड होते तेव्हा रोज, भाजीत, कपड्यांवर, गादीवर, सगळीकडे केस असणार. घरात कोणाला दमा किंवा ॲलर्जी आहे का ते विचारतो. ब्रश करणारं माणूस नक्की कोण, नाव घेऊन सांगा म्हणतो, "आम्ही सगळे करू" हे उत्तर मला चालत नाही. वरच्या मजल्यावरचं घर, दुपारचं ऊन थेट येणारी गॅलरी, दिवसभर घरात कोणी नाही, असं असेल तर नाही म्हणतो. विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथे द्यायचं तर घरात कूलर किंवा एसीची खोली कुत्र्यालाही मिळणार आहे का हे स्पष्ट विचारा. सातारा, नाशिक, पुणे त्या मानाने सोपं. कोकणात द्यायचंच नाही असं नाही, पण तिथे पाऊस आणि दमटपणा बघता अनुभवी घरच हवं.

निगा शिकवूनच पिल्लू द्या. ब्रशने वरवर फिरवून उपयोग नाही, केसांचा एक-एक थर उचलून मुळापासून ब्रश करायचं, मग लोखंडी कंगवा, कंगवा कुठे अडकला की तिथे गुंता आहे. कानामागे, काखेत, मांड्यांच्या मागे आणि शेपटीखाली रोज बोटं फिरवायची, गुंता आणि गोचीड दोन्ही तिथेच सापडतात. गोचिडीतून एर्लिकिया, बबेसिया होतो आणि लांब केसात ती उशिरा दिसते, म्हणून गोचिडीचं औषध डॉक्टरांना विचारून बारा महिने चालू ठेवा. गुंता कापायचा झाला तर कंगवा गुंता आणि कातडीच्या मध्ये घालून कंगव्याच्या वरून कापा, नाहीतर कातडी ओढली जाऊन कापली जाते. पंजाच्या खालचे केस कात्रीने गादीच्या बरोबरीला आणा, टाइल्सवर हे कुत्रे घसरतात आणि वाढत्या वयात घसरणं सांध्यांना चांगलं नाही. पावसात भिजून आला की आतून कोरडा होईपर्यंत सोडू नका, वरून सुकलेला दिसतो आणि आत दोन दिवस ओल राहते, तिथूनच हॉट स्पॉट, म्हणजे कातडीवरचे ओले लाल चट्टे, सुरू होतात.

आणि उन्हाळ्यात त्याला मशीनने भादरू नका, हे अगदी लिहून द्या. लोकांना वाटतं केस काढले की थंड वाटेल. उन्हापासून कातडी वाचवणारा वरचा केस जातो, आणि परत येताना कधीकधी नुसती लव वर येते, ठिगळं पडल्यासारखी. मेलेली लव रेकने (लांब दात्यांच्या ब्रशने) काढून टाकली की हवा आतपर्यंत जाते. फिरवणं सकाळी सातच्या आत, पाणी आणि सावली भरपूर.

आता कागदपत्रं. २०१७ च्या डॉग ब्रीडिंगच्या नियमांप्रमाणे ब्रीडरची नोंदणी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, मायक्रोचिप करून द्यावं लागतं, आणि सहा महिन्यांवरचा कुत्रा दुसऱ्या परवानाधारक ब्रीडरला सोडून इतर कोणाला द्यायचा तर नसबंदी करूनच. ही शेवटची अट ठेवू की देऊ म्हणत रेंगाळणाऱ्यांनी नीट वाचावी. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या संशोधकांनी हजाराहून जास्त जर्मन शेफर्डच्या नोंदी तपासल्या, त्यात नसबंदी न झालेल्या नरांमध्ये सांध्यांचे आजार ७ टक्के होते आणि वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांमध्ये २१ टक्के. म्हणजे सात-आठ महिन्यांनी तुम्ही ठरवलंत की नको, द्यायचं, तर त्या पिल्लाची नसबंदी नको त्या वयात होणार. म्हणून दोन पिल्लांवर जीव अडकला असेल तर दोन्ही ठेवून बघा, पण पाचव्या महिन्यापर्यंत निर्णय घ्या, तोवर कान उभे राहिलेले असतात, स्वभाव बराच कळलेला असतो. लवकर दिलं तर नवा मालक आपल्या डॉक्टरांशी बोलून नसबंदीची वेळ ठरवू शकतो.

करारात मी दोनच गोष्टी पक्क्या लिहितो. कोणत्याही वयात, कोणत्याही कारणाने सांभाळणं जमेना झालं तर कुत्रा परत माझ्याकडे, तिसऱ्या माणसाला नाही. आणि एक्स-रे झाल्याशिवाय, मला विचारल्याशिवाय मेटिंग नाही. सोबत लसीकरणाचं कार्ड, जंताच्या औषधाच्या तारखा, आठवड्याचं खाणं, एक ब्रश आणि एक लोखंडी कंगवा देतो, ब्रशचे पैसे वेगळे घेत नाही. पहिले तीन महिने दर रविवारी कानामागचे केस बाजूला करून काढलेला फोटो पाठवायला सांगतो, पूर्ण कुत्र्याचा नको, तेवढ्याच जागेचा. फोटो आला नाही की सोमवारी मी फोन करतो.